इंग्रजीतल्या कोणत्या म्हणी किंवा टोपणनावांचं मूळ ऐकून थक्क व्हायला होतं?

तुम्ही म्हणी विचारल्यात, पण मी बहुतेक एकाच शब्दावर बोलणार, कारण तो माझ्या गावाचा आहे. इंग्लंडात एखाद्याचं डोकं फिरलं की तो 'डुलाली' झाला म्हणतात. हे डुलाली म्हणजे आमची नाशिकजवळची देवळाली. देवळाली कॅम्प. देवळाली गाव वेगळं, ते नाशिकरोडला चिकटून. गल्लत केलीत तर दोन्हीकडचे लोक चिडतात.

माझे साडू बरीच वर्षं लेस्टरला असतात. मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता, नाशिकच्याच एका लॉन्सवर. जेवणं चालू होती आणि यांनी नव्या व्याह्यांशी माझी ओळख करून दिली: "हे आमचे देवळालीचे. तिकडे विलायतेत वेड्याला देवळालीचा म्हणतात बरं का! इंग्रजांचं मोठं वेड्यांचं इस्पितळ होतं ना इथं." व्याही हसले, विहीणबाई हसल्या, माझी बायकोसुद्धा हसली. मी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून "अहो, तसं नाहीये ते" म्हणेपर्यंत साडूंची गाडी 'पॉश' या शब्दावर पोचली होती. मधे बोलायची सोय नसते त्यांच्यापुढे. म्हणून इथे बोलतो.

देवळालीची छावणी १८६० च्या दशकातली. मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी इथे यायच्या आणि मुदत संपलेले शिपाई परतीच्या बोटीसाठी इथेच येऊन थांबायचे. मुंबईहून रेल्वेनं घाट चढून आलं की हवा बरी, म्हणून ही जागा. गोम पुढेच आहे. सैनिकांच्या बोटी वर्षभर सुटत नसत, साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढाच त्यांचा हंगाम. तो हुकला की उन्हाळा आणि अख्खा पावसाळा देवळालीत. कवायत नाही, ड्युटी नाही, मायदेशी जायचं तर डोक्यात शिरलेलं आणि हाताला काम काही नाही. मग दारू, मारामाऱ्या, बाजारातल्या बायका, मलेरिया. फ्रँक रिचर्ड्स नावाचा रॉयल वेल्श फ्युजिलिअर्सचा एक शिपाई होता. त्याच्या आठवणी १९३६ साली छापून आल्या, त्यात त्यानं हे सगळं सांगितलंय. वर्षानुवर्षं सरळ वागलेली माणसं या छावणीत गुन्हे करून बसत आणि घरी जाण्याआधी तुरुंगाची हवा खात. विक्षिप्त वागणाऱ्याला 'डुलाली टॅप' झालाय म्हणायची रीत इथल्या कंटाळ्यातूनच पडली असावी, असं त्याचं मत. तो स्वतः हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला, म्हणजे साडूंपेक्षा त्याचा शब्द मी जास्त मानणार.

यातलं 'टॅप' म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. आपण डोक्याला ताप म्हणतो, तोच. पुढे शेपूट गळलं आणि नुसतं डुलाली उरलं. इस्पितळाची गोष्ट लोकांना आवडते कारण ती दोन वाक्यांत संपते. खोळंबून माणूस बिघडतो हे सांगायला वेळ लागतो, आणि जेवणाच्या टेबलावर तेवढा वेळ कुणी देत नाही. त्यात १९७४ पासून बीबीसीवर देवळालीच्या छावणीतली एक विनोदी मालिका काही वर्षं चालली. तिकडच्या लोकांना आमचं गाव ठाऊक असतं ते बरेचदा तेवढ्यावरच.

साडूंचं 'पॉश'ही पोकळच. जाताना डावीकडची, येताना उजवीकडची केबिन, म्हणजे तांबड्या समुद्रात ऊन लागत नाही. म्हणून श्रीमंतांच्या तिकिटांवर पी ओ एस एच (पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम; पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू, स्टारबोर्ड उजवी) अशी अक्षरं छापत, ही ती गोष्ट. असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हणतात ते डाकगाडीतून सुका बोंबील जायचा म्हणून, हेही त्यांचं लाडकं. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १८५३ साली, आणि बॉम्बे डक हे नाव त्याआधीच इंग्रजी पुस्तकांत छापलेलं आहे. गाडीच नव्हती तर डाकगाडी कुठली! खरी मुळं हवी असतील तर 'ब्लायटी' घ्या. इंग्रज शिपायांचा मायदेशासाठीचा हा लाडका शब्द म्हणजे आपलं विलायती, उर्दूतलं बिलायती. पहिल्या महायुद्धात, घरी पाठवतील एवढीच जखम झाली तर तिलाही ते ब्लायटीच म्हणत.

तर एखाद्या शब्दाचं मूळ अद्याक्षरांत सांगणारा भेटला की उठून पाणी प्यायला जा. शब्द आधी छापला गेला की त्याची गोष्ट आधी, हे बघा. शब्द म्हातारा आणि गोष्ट तरणी असेल तर गोष्ट मागून चिकटवलेली.

एक मात्र मान्य. देवळालीत लष्करी इस्पितळ होतं, आणि एवढ्या मोठ्या छावणीत डोक्यावर परिणाम झालेले शिपाईही असणारच. पण त्यांच्यामुळे वेड्याला गावाचं नाव पडलं, हे साडूंनी सिद्ध करावं. लग्न मेमध्ये आहे, नाशिकलाच. व्याह्यांच्या शेजारची खुर्ची यावेळी मी आधीच धरणार आहे.