'मस्ट बी', 'शुड बी' आणि आपलं 'असावी'

प्रश्न असा : 'खिडकीत दिवा दिसतोय, म्हणजे ती घरी असणार' याचं इंग्रजी 'शी मस्ट बी ॲट होम'. मग दिवा नसेल तर 'शी मसन्ट बी ॲट होम' का नाही?

कारण 'मसन्ट' म्हटलं की मनाई ऐकू येते : तिने घरी असता कामा नये. 'घरी असणं शक्यच नाही' या अर्थी 'कान्ट बी' म्हणतात. अमेरिकेत 'शी मस्ट नॉट बी होम' हे अनुमान म्हणून सर्रास चालतं, पण तिथेही 'मस्ट' आणि 'नॉट' सुटे ठेवूनच.

खरा घोळ 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे' असं शाळेत पाठ केल्यामुळे होतो. अनुमानाच्या 'मस्ट'ला मराठीत 'असणार' किंवा 'नक्कीच असेल' म्हणावं. पुरावा समोर आहे, निष्कर्ष आपण काढतोय. पुरावा नसून नेहमीच्या क्रमावरून अंदाज असेल तर 'शुड' : गाडी 7 ला सुटली, प्रवास 2 तासांचा, 'दे शुड बी देअर बाय नाइन', म्हणजे नऊपर्यंत पोचायला हवेत. हा 'शुड' सहसा अपेक्षित, हव्याशा गोष्टीलाच शोभतो. 'आज अपघात शुड हॅपन' म्हणालात तर ऐकणारा दचकेल. नुसती शक्यता असेल तर 'मे' किंवा 'माइट' : 'असेल कदाचित'. या दोघांत 'माइट' किंचित डळमळीत, पण बोलण्यात तो फरक फारसा उरलेला नाही.

आपल्याकडेही असा दुहेरी शब्द आहेच. 'उमेदवार पदवीधर असावा' ही अट, 'तो पदवीधर असावा' हा अंदाज. संदर्भावरून आपण बरोबर ओळखतो, इंग्रज 'मस्ट'च्या बाबतीत तेच करतो.

भूतकाळात 'मस्ट हॅव गॉन' : गेला असणार. 'मस्ट हॅड गॉन' किंवा 'मस्ट हॅव वेंट' दोन्ही चूक. 'हॅव' बदलत नाही आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूपच येतं. 'शुड हॅव' मात्र जपून. 'ही शुड हॅव रीच्ड बाय नाउ' म्हणजे एव्हाना पोचला असेल, पण 'ही शुड हॅव टोल्ड मी' म्हणजे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

आणि 'उद्या तो येणारच' याला 'ही मस्ट कम टुमॉरो' म्हणू नका, तो हुकूम होतो. 'ही इज बाउंड टु कम' म्हणा.