पोराला भित्रा म्हणण्याआधी डोकं कुठे ठेवायचं ते शिकवा

ताई, तुमचा मुलगा सातवीत आहे, कबड्डीत चढाई चांगली करतो, पण पकडीच्या वेळी डोळे मिटून मागे सरकतो आणि सर त्याला भित्रा म्हणतात. ही भीती कशी घालवायची आणि घरी मॅट घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

तुमचा मुलगा भित्रा नाही. समोरून गुडघा येतोय आणि आपलं डोकं कुठे न्यायचं हे माहीत नाही, तर कोणाचंही अंग मागेच येणार. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, एवढाच अर्थ. "भीती मोडायची" म्हणून निघालेले लोक काय करतात ते मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलंय, म्हणून जरा लांबण लागेल.

आमच्याकडे चोपडा तालुक्यात कापूस वेचणी ऐन भरात असली तरी रात्री दिव्यांखाली सामने लागतात. भाचा शाळेच्या संघात डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. त्याच्या सरांची पद्धत अशी, की सरावाला अकरावी-बारावीची पोरं चढाईला सोडायची आणि लहानांना सांगायचं, "छातीवर घे, मागे सरलास तर मैदानाला चक्कर." पकड कुठे, पाय कसा टाकायचा, एक शब्द नाही. अशाच एका सामन्यात समोरचा चढाईपटू वजनाने दीडपट. बाहेरून लोक ओरडतायत, "पाय धर रे भो, हात कशाले धरस!" भाचा मान खाली घालून सरळ त्याच्या मांडीवर गेला. पडला तो उठलाच नाही. डाव्या हाताचं कोपर उजव्या हाताने पोटाशी गच्च धरून काळ्या मातीत बसून राहिला, रडलाही नाही. सर रेषेबाहेरून म्हणतात, "ऊठ, काही नाही झालं." जळगावला एक्स-रे काढला, कॉलरबोन मोडलं होतं.

त्या रात्री सरांशी माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, कबड्डी मर्दानी खेळ आहे, लागणारच, माती खाल्ल्याशिवाय गडी तयार होत नाही. मी आजही सांगतो, हे शिकवता न येणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. कबड्डीचे नियम उघडून बघा. गळा-तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, जखम होईल अशी दांडगाई, हे सगळं नियमबाह्य आहे. खेळालाच जे चालत नाही ते सरावात कशाला?

भाच्याला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्याला आमच्या खळ्यात पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. सुरुवातीला कोणी पळायचंच नाही. मी पाय पुढे टाकून नुसता उभा आणि त्याने घोटा धरायचा. एक हात टाचेच्या वर मागून, दुसरा पुढून. बोटांत बोटं अडकवायची नाहीत, मुरगळतात. पंजावर पंजा घट्ट बसवायचा. आपला खांदा त्याच्या पोटरीला चिकटलेला. डोकं गुडघ्याच्या समोर कधीच नाही, कायम बाजूला, आणि मान ताठ. मान खाली गेली की डोळे जमिनीकडे जातात, मग समोरचा काय करतोय ते दिसत नाही आणि मार थेट मानेवर येतो. घोटा धरला की तो आपल्याकडे ओढून वर उचलायचा. एका पायावरचा माणूस कितीही भारी असो, त्याला जोर लावता येत नाही.

नजरेचं तर फार थोडे लोक सांगतात. चढाईपटूचे हात आणि खांदे हूल देतात, कंबर देत नाही. कंबर बघायला लावा. तुमच्या मुलाचे डोळे आपोआप उघडे राहतील, कारण त्यांना काम मिळेल.

मग चालत, मग सावकाश, शेवटी पूर्ण वेगात. आणि शेजारचा मध्यरक्षक, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा असलेला गडी, सोबत हवाच. कोपऱ्याने घोटा धरला की त्याने लगेच कंबरेला यायचं. एकट्याला पकड करायला लावून वर भित्रा म्हणणं हा अन्याय आहे. भाचा नंतर त्याच कोपऱ्यावर उभा राहिला आणि त्याच्यापेक्षा भारी पोरं त्याने घोट्यात अडकवली. ते सर तेव्हा प्रेक्षकांत होते, बोलले काही नाहीत.

पुरुषांच्या कबड्डीत 1990 पासून 2014 पर्यंत आशियाई स्पर्धेची सातही सुवर्णपदकं आपली होती. 2018 ला जकार्त्यात उपांत्य फेरीत इराणने हरवलं. त्यांचा फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यावर खेळतो. मुलाला घेऊन त्याचे व्हिडिओ बघा, पकडीच्या क्षणी थांबवून त्याचं डोकं कुठे आहे ते मुलालाच शोधू द्या.

मॅटचं म्हणाल तर घरी नको. खडे वेचलेली, पाणी मारून भुसभुशीत केलेली जमीन आणि त्यात लाकडाचा भुसा, एवढं पुरतं. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, तेव्हा तिथे खेळवू नका, पाय अडकतो. सामने मॅटवर असतील तर मात्र आधी थोडा सराव बूट घालून मॅटवर झालेला बरा.

एक राहिलं. सगळं बरोबर करूनही बोटं, घोटे दुखावतात, ते पूर्ण टळत नाही. मान दुखली किंवा हाताला मुंग्या आल्या तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टरकडे. आणि चढाई आवडते म्हणून पकड सोडून द्या असंही मी म्हणणार नाही, सात गड्यांत प्रत्येकाला पकडीला उभं राहावंच लागतं.

तुम्ही शाळेत जाऊन सरांना विचारा, सरावात माझ्या मुलासमोर चढाईला कोण येतं? किशोर गटाला वजनाची मर्यादा उगाच ठेवलेली नाही. बारावीचा पोरगा येत असेल तर ते बंद होईपर्यंत मुलाला पकडीच्या सरावाला पाठवू नका. वाईटपणा येईल, तो घ्या.