काकांना खरं काय ते सांग

तू लिहिलंस, "ताई, नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीमध्ये एमएसला प्रवेश मिळालाय. काका म्हणतात ते काळ्यांचं कॉलेज आहे, डिग्रीला किंमत राहणार नाही. जाऊ का? आणि एकटं वाटतं का तिथे?" दोन दिवस उत्तर लिहितेय आणि खोडतेय. मी तिथेच पीएचडी केली, इलेक्ट्रिकलमध्ये. तुझ्या काकांचं वाक्य मला नवं नाही.

व्हिसा, फी, विमा हे सगळं विद्यापीठाच्या साइटवर आहे, ते वाच. मी नावाचं तेवढं सांगते. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. गुणपत्रिका तपासणाऱ्या एका संस्थेने माझी मार्कशीट आणि पासपोर्ट दोन वेगळ्या बायकांचे ठरवले. चार महिने गेले त्यात. रात्री दोनला उठून फोन करायचे, प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. निघण्याआधी सगळी नावं लिहिलेलं एक प्रतिज्ञापत्र नोटरी करून घे.

मुलीच्या शाळेचं तुझ्या उपयोगाचं नाही, पण लिहितेच. ती तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेच्या फॉर्मवर विचारलं होतं, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. तेवढ्यावरून तिची इंग्रजीची परीक्षा घेतली. अनोळखी बाईंसमोर ती गप्प बसली. मग वर्षभर तिला रोज वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत रंगांची नावं शिकवायला नेत. घरी ती इंग्रजी गोष्टी घडाघडा वाचायची. मी जाऊन भांडायला हवं होतं. मी नवी होते, घाबरले. त्या वर्षात तिने माझ्याशी मराठी बोलणं सोडलं. आज ती सोळा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते.

एकटेपणा असतो. पहिला हिवाळा काढलास की उतरतो. जवळ गाडी नसेल तर जास्त जाणवतो, एवढंच.

आता कॉलेज. काकांना सांग की हो, ते कृष्णवर्णीयांसाठी काढलेलं सरकारी विद्यापीठ आहे. 1890 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की शेतकी आणि तांत्रिक शिक्षणाचा केंद्राचा पैसा हवा असेल, तर राज्याने काळ्या मुलांना प्रवेश द्यावा किंवा त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढावं. नॉर्थ कॅरोलायनाने 1891 मध्ये वेगळं काढलं, तेच हे. पैसा मात्र सारखा दिला नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारनेच सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना तसं पत्र लिहिलं. या एका विद्यापीठाची तीस वर्षांतली तूट त्यात दोन अब्ज डॉलरांहून जास्त निघाली. आणि तरीही देशात सर्वाधिक कृष्णवर्णीय इंजिनिअर इथून बाहेर पडतात. कंपन्या नोकऱ्या घेऊन कॅम्पसवर येतात. डिग्रीच्या किमतीचं उत्तर एवढंच.

इंजिनिअरिंगची इमारत आहे मॅकनेअर हॉल. रोनाल्ड मॅकनेअर 1971 मध्ये इथून भौतिकशास्त्र घेऊन बाहेर पडले, अंतराळवीर झाले, 1986 मध्ये चॅलेंजरच्या स्फोटात गेले. थोडं पुढे चार तरुणांचा पुतळा आहे. 1 फेब्रुवारी 1960 ला इथल्या पहिल्या वर्षाच्या चार मुलांनी गावातल्या, म्हणजे ग्रीन्सबरोतल्या, वूलवर्थच्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही, पण दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी मुलं आली. जुलैअखेर तो काउंटर सगळ्यांना खुला झाला.

रोजचं जगणं सांगते. अनोळखी माणूसही समोरून आला की नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. अमेरिकेत प्राध्यापकांना नावाने हाक मारतात असं ऐकून मी पहिल्याच मेलमध्ये तसं लिहिलं. लॅबमधल्या एका सीनिअर मुलीने बाजूला घेऊन सांगितलं, "इथे डॉक्टर म्हण. माझ्या आजीला जन्मभर गोऱ्यांची पोरंसुद्धा नुसत्या नावाने हाका मारायची." शरद ऋतूत होमकमिंग असतं. पन्नास वर्षांपूर्वी शिकून गेलेली माणसं नातवंडं घेऊन येतात, बँडचे ढोल छातीत वाजतात. अख्खं गाव जत्रेला लोटावं तसं.

आणि यातलं काही मी माझ्या माणसांना सांगितलं नाही. दिवाळीच्या जेवणात मराठी मंडळी विचारायची, कुठे शिकतेस? मी म्हणायचे, ग्रीन्सबरोला, स्टेट युनिव्हर्सिटीत. आणि विषय बदलायचे.

माझे बाबा औरंगाबादला मिलिंद कॉलेजात शिकले. बाबासाहेबांनी 1950 मध्ये काढलेलं. बीड जिल्ह्यातल्या गावातून आलेला मुलगा कॉलेजच्या परिसरात, नागसेनवनात राहून बीएस्सी झाला. पुढे बँकेत लागले, तिथे लोक म्हणायचे, "अच्छा, त्यांचं कॉलेज." बाबा हे घरी येऊन सांगायचे आणि जेवायचे नाहीत. मी ते पाहिलंय. आणि मीच माझ्या विद्यापीठाचं नाव गिळत राहिले. एकदा एका प्राध्यापकांनी कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं, आंबेडकरांनी 1946 मध्ये इथल्या कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइसना पत्र लिहिलं होतं, तुला ठाऊक आहे? मी हो म्हटलं. माझे वडील त्यांच्या कॉलेजात शिकले, हे ओठांवर आलं होतं. शेजारी आपल्याकडची दोन मुलं उभी होती. मी बोलले नाही.

पदवीदानाचा फोटो घरी पाठवला तोही माझा एकटीचा. लॅबमधल्या मैत्रिणींबरोबरचा ठेवून दिला.

तुझा प्रश्न वाचल्यावर काल तो मैत्रिणींबरोबरचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला. ऐकू कमी येतं आता, मोठ्याने बोलतात. म्हणाले, "डावीकडची उंच मुलगी कोण गं? तुझ्या खांद्यावर हात ठेवलाय ती." मी नाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कॉलेज कुणाचं म्हणालीस?"