चौदा बंद खोकी

“मॅडम, सगळे सांगतात वर्तमानात जगा, पण मला ते जमतच नाही,” हे वाक्य मी पुण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी ऐकते. गेलेल्या गोष्टींची टोचणी आणि पुढची काळजी पूर्वीही होतीच; आता वर्तमानात जगता येत नसल्याच्या अपराधी भावनेची त्यात भर पडली आहे, आणि तिला आम्हा समुपदेशकांच्या भाषणांचाही हातभार लागला आहे, हे मी मान्य करते.

हीच तक्रार घेऊन आलेल्या ६४ वर्षांच्या एका काकूंची हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, सांगते. नारायण पेठेतला त्यांचा वाडा पुनर्विकासाला गेला, तेव्हा काकांची सही काकूंनीच आग्रह करून घेतली होती. वर्षभरात काका कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वारले आणि इमारतीचे काम रेंगाळले. काकूंनी ध्यानाचे शिबिर केले, पण डोळे मिटले की वाडा दिसे, उघडले की ताबा कधी मिळणार हा प्रश्न समोर येई.

“मी त्यांना सही करायला लावायलाच नको होती.”

“तेव्हा का लावलीत?”

“माडीचा जिना त्यांना चढवत नव्हता. दोनदा पडता पडता वाचले होते.”

“मग आज तोच जिना समोर असता, तर काय केलं असतंत?”

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “सहीच मागितली असती.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. दुःख घटनेमुळे होते, पण ते चिघळते आपल्या हट्टामुळे, असे ही पद्धत मानते. ‘असे झाले नसते तर बरे झाले असते’ ही इच्छा आहे आणि तिच्यासह माणूस जगू शकतो. ‘असे व्हायलाच नको होते’ हा हट्ट आहे आणि तो पुरवणे भूतकाळाच्या हाती नसते. भविष्याबाबतही तसेच घडते. घर मिळावे ही काकूंची इच्छा रास्त होती, पण आपल्या हयातीत ते मिळेलच याची हमी त्या रोज रात्री मागत होत्या. म्हणून भविष्याचा विचार सोडा असे मी त्यांना सुचवले नाही. उलट, आज करण्यासारखे काय आहे ते कागदावर लिहायला सांगितले. त्यांनी भाच्याला बसवून महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद आणि पूर्णत्वाची तारीख पाहिली, इतर सभासदांबरोबर बिल्डरला लेखी पत्र दिले आणि उत्तराची वाट पाहण्याचे काम तेवढ्यापुरते संपवले. काळजी पुरती गेली नाही, पण झोप लागू लागली.

खरी गाठ सुटली ती मात्र माझ्या पद्धतीबाहेरच्या एका किरकोळ प्रश्नाने. होळी जवळ आली होती, म्हणून मी सहज विचारले, “यंदा पुरणपोळ्या करणार ना?”

“पुरणयंत्र खोक्यात आहे.”

“मग काढा की.”

“भाड्याचं घर, मॅडम. चौदा खोकी आहेत. एकदम नव्या घरातच उघडू.”

काकू तीन वर्षे दोन पातेली, एक कढई आणि घडीच्या खाटेवर संसार करत होत्या. इतके दिवस मी त्यांच्या आठवणींचा भार हलका करू पाहत होते आणि इथे त्यांचा सगळा भूतकाळ चिकटपट्टी लावून भिंतीशी रचलेला होता, तोही पुढे कधीतरी मिळणाऱ्या घराच्या नावाने. आठवणी मनात घोळत राहत, कारण हाताळायला त्यांतली एकही बाहेर नव्हती. हे लक्षात आले तेव्हा मला स्वतःचा थोडा राग आला आणि, खरे सांगायचे तर, पुष्कळ आनंदही झाला.

मी त्या पुरणयंत्राविषयी विचारले. ते पितळी होते, सासूबाईंचे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्यानंतर सासूबाईंनी ते वाड्यातल्या चिखलातून शोधून काढले, चिंचेने घासले आणि त्याच वर्षी सणाला वापरले.

“पुराची आठवण म्हणून फडताळात नाही ठेवलं?” मी विचारले.

“छे! पुरण कशात वाटणार होत्या मग?” असे म्हणून काकू थांबल्या. पुढचा प्रश्न मी विचारला नाही. अशा वेळी गप्प बसणे मला वीस वर्षांच्या अनुभवानंतर जमू लागले आहे.

ज्यांना अशीच तक्रार आहे त्यांना मी आता घरात काय बंद करून ठेवले आहे ते आधी विचारते. ‘मुलगा आला की काढू’ म्हणून ठेवलेली ताटे असतात, कुणाच्या जाण्यानंतर न उघडलेले कपाट असते. त्यांतली एखादीच वस्तू बाहेर काढून रोजच्या वापरात आणावी. सगळी एकदम काढली तर रडू आवरत नाही. आणि ती वापरताना आठवण आली तर येऊ द्यावी, तिच्याशी वाद मात्र घालू नये.

होळीनंतर काकू डब्यात पोळ्या घेऊन आल्या. यंत्र फिरवताना वाडा आठवला का, काका आठवले का, असे मी विचारले, तशा त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

“मॅडम, पुरण गरम असतानाच वाटावं लागतं. गार झालं की जाळीतून उतरत नाही. तिथे विचार करायला उसंत कुठली? पोळ्या तव्यावर पडल्या, मग आठवले ते. त्यांना कडेची जरा करपलेली आवडायची.”