सणावारी आणि सुट्टीच्या दिवशी दुकानं उघडी ठेवावीत का?

तुम्ही विचारलंय की ग्राहकाला सुट्टीच्याच दिवशी वेळ मिळतो तर दुकानं ३६५ दिवस उघडी ठेवायला काय हरकत आहे. मी पुण्यात लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरला होते, त्यामुळे आतल्या बाजूने सांगते.

रविवारी दुकान उघडं हवंच, त्याबद्दल तक्रारच नाही. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं रविवारीच येणार, घरातले सगळे तेव्हाच मोकळे असतात. म्हणून तर लक्ष्मी रोड पूर्वीपासून सोमवारी बंद असायचा. १९४८ च्या दुकान कायद्यात आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणं सक्तीचंच होतं आणि त्यात एक गोष्ट फार चांगली होती, अख्खा रस्ता बंद म्हटल्यावर आपलं गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाईल ही भीती मालकाला नसायची, तोही निवांत आणि आम्हीही.

मग २०१७ चा नवीन कायदा आला. दुकान रोज उघडं ठेवा, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी द्या, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पगार आणि दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी. वाचायला चांगलंच आहे. पण कायदा केला तो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी, दोन-तीन पोरं ठेवणारं दुकान त्यात येतच नाही, आणि मोठ्या दुकानातही काय होतं ते मी बघितलंय. आमच्याकडे सोमवार चालू झाला आणि सुट्टी पाळीने आली, कोणाची कधी ते आदल्या रात्री ग्रुपवर कळायचं. गणपती ते दिवाळी सीझन आहे म्हणून सुट्ट्या रद्द, नंतर बदली मागितली की बघू.

आणि आमच्या घरात बघा, मिस्टर भोसरीला कंपनीत, त्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, मुलाची शाळा रविवारी बंद आणि माझी सुट्टी कधी मंगळवार तर कधी बुधवार. २४ तास मिळाले तरी घरात कोणीच नाही, मग धुणं आणि बँकेची कामं करण्यातच दिवस जायचा. सोमवार ठरलेला होता तेव्हा निदान सासूबाईंची डॉक्टरची अपॉइंटमेंट तरी आधी घेता यायची.

ही सुट्टी काही आपोआप मिळालेली नाही हो. मुंबईच्या गिरण्यांत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला, सहा वर्षं लावून धरलं तेव्हा १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. त्यांनी सगळ्यांसाठी एकच दिवस मागितला होता, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दवाखाने, मेडिकल, एसटी, दूध यांचा विषय वेगळा, ते चालूच राहणार. आता सणांचं म्हणाल तर धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, पाडवा हे धंद्याचेच दिवस, पाडवा तर साडेतीन मुहूर्तातला, तेव्हा बंद ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण भाऊबीजेला बंद ठेवा. ओवाळणीची साडी आधीच घेऊन झालेली असते. काउंटरवरच्या मुलीलाही ओवाळायचं असतं, रात्री साडेनऊला शटर खाली करून ती घरी पोचेपर्यंत भाऊ गावाकडे निघालेला असतो. आणि १ मे. २०१७ च्याच कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेले चार सण अशा आठ भरपगारी सुट्ट्या आहेत, तरी महाराष्ट्र दिनाच्या सेलची पाटी लावून कामगार दिनालाच कामगारांना उभं करतात, हे मला अजिबात पटत नाही.

तुमचं स्वतःचं दुकान असेल तर सुट्ट्यांचा तक्ता महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर लावा आणि सीझनमध्येही तो बदलू नका. आणि रोज उघडं ठेवायची कायद्याने परवानगी दिलीय, सक्ती केलेली नाही, तेव्हा तुमच्या बाजारातल्या व्यापारी असोसिएशनच्या मीटिंगमध्ये आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी मिळून बंद ठेवायचा विषय नक्की काढा.