उत्तर: द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी किती डोळ्यांवर घ्यावी?

दादा, दिंडोरीकडच्या तुमच्या द्राक्षबागेचं वाचलं. गेल्या साली फूट जोरात, घड मात्र नाहीत, आणि यंदा पुन्हा तीच काडी तपासणारी लॅब 'सरसकट पाच डोळ्यांवर छाटा', म्हणजे काडीवर फुटव्याचे पाच कोंब ठेवून छाटा, म्हणतेय. आमच्याकडे हेच घडलंय, म्हणून लिहितो. पाणी-खताचं तुम्हाला सांगायला नको.

आमची काडी न्यायला लॅबचा पोरगा आला. बांधाकडच्या, उन्हातल्या काड्या काढल्या, सबकेन (शेंडा खुडल्यावर बगलेतून वाढलेली काडी) आणि सरळ (न खुडलेली) काडी एकाच जुडीत बांधली, रिपोर्ट एकच आला: पाच डोळे. तशी छाटली. डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली, फुटवा एकसारखा निघाला, पण निम्म्याहून जास्त वांझ. विचारायला गेलो तर 'ढगाळ वातावरण होतं, घड जिरले.' अहो, जिरलेला घड कळतो. आधी दिसतो, मग त्याची बाळी (वेलीचा ताणा) होते. आमच्या पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत, घड दिसलाच नव्हता! कोपऱ्यातल्या ओळी छाटायच्या राहिल्या होत्या, त्यांची काडी दुसरीकडे तपासली. सबकेनला घड खुडलेल्या जागच्या गाठीजवळच्या डोळ्यांत निघाले. म्हणजे आमचे घड छाटून बांधावर टाकलेल्या काडीत गेले. फी परत नाही, 'चूक झाली' असं साधं म्हणणंही नाही. रिपोर्टखाली मात्र बारीक अक्षरात 'जबाबदारी शेतकऱ्याची'. असो.

माझं मत सांगतो (बाग थॉमसन जातीची, जमीन हलकी, तुमचं वेगळं असू शकतं). काडी स्वतः काढा. सबकेन वेगळी, सरळ वेगळी, झाडाच्या सावलीतली वेगळी, चिठ्ठी लावून द्या. रिपोर्टमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर घड आहे की नाही हे लिहून मागा. नुसता आकडा देत असतील तर दुसरी लॅब बघा. खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घड तयार होतो. २०२५ च्या मे महिन्यासारखा पाऊस त्या दिवसांत बसला तर शेजाऱ्याच्या रिपोर्टवर छाटणं म्हणजे जुगार.

छाटणीच्या आधी काडी आडवी कापून बघा. आतला गाभा तपकिरी हवा. पांढरट-हिरवा असेल तर काडी कच्ची आहे. बाजारभावाच्या नादानं घाई करू नका, असं मला वाटतं.

जाता जाता, पेस्टमध्ये रंग टाका म्हणजे राहिलेला डोळा दिसतो. हातमोजे मजुरांच्या टोळीला तुम्हीच द्या, पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेली माणसं ते कुठून आणणार? आणि पेस्ट लावणाऱ्यानं आधी व नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही हे मुकादमाला स्पष्ट सांगा. हायड्रोजन सायनामाइडवर दारू पडली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, दवाखानाच गाठावा लागतो. किती दिवस ते बाटलीच्या लेबलवर असतं, वाचून दाखवा.

सबकेन केली होती की नाही ते लिहा, मग पुढचं बोलू.