‘एनर्जी अ‍ॅडव्हान्टेज’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: विमानयुद्धाचे ऑनलाइन सिम्युलेटर खेळणारे ज्याला ‘एनर्जी अ‍ॅडव्हान्टेज’ म्हणतात, त्याला मराठीत ‘शक्तीचा फायदा’ म्हटले तर चालेल का?

‘शक्ती’ नकोच. एनर्जी म्हणजे ऊर्जा, पॉवर म्हणजे शक्ती आणि फोर्स म्हणजे बल, ही वाटणी शाळेच्या पुस्तकांतच पक्की झालेली आहे. विमानयुद्धात ती विस्कटली तर लगेच अडते. अमेरिकी हवाई दलातले वैमानिक जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस ख्रिस्टी यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतात दोन वेगळ्या राशी येतात. विमानाच्या गाठीशी या क्षणी असलेली, उंची आणि वेग मिळून होणारी ऊर्जा ही एक. हवेचा विरोध भागवून इंजिनाची जी शक्ती उरते ती दुसरी. हिच्या जोरावर पहिली वाढते. पहिलीलाच शक्ती म्हटले तर दुसरीला शब्द उरत नाही.

‘फायदा’ही नीट बसत नाही. फायदा एकट्याचा होऊ शकतो. इथे दोन विमानांमधला फरक सांगायचा आहे, आणि तो क्षणाक्षणाला बदलतो.

मग ‘वरचढ’? शब्द सुरेख आहे, पण त्यात ‘वर चढलेला’ असे चित्र आहे आणि नवे खेळाडू नेमके तिथेच फसतात. ऊर्जा मोजायची सोपी रीत अशी: ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करा, त्याला 254ने भागा आणि उत्तर मीटरमधल्या उंचीत मिळवा. समजा, तुम्ही 3000 मीटरवर ताशी 300 किमी वेगाने आहात: 3000 अधिक 354, म्हणजे 3354. शत्रू 2500 मीटरवर ताशी 600 किमीने येतो आहे: 2500 अधिक 1417, म्हणजे 3917. शत्रू 500 मीटर खाली असूनही ऊर्जेत 563 मीटरने पुढे आहे. त्याने नाक वर उचलले की तो तुमच्या उंचीला येईल आणि तरी त्याच्याकडे तुमच्याहून जास्त वेग उरेल. (ही ऊर्जा वजनाने भागलेली असते. म्हणून दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी लढाऊ विमान पी-47 हे जर्मन मेसरश्मिट 109च्या जवळजवळ दुप्पट वजनाचे असले, तरी नुसत्या वजनामुळे या आकड्यात पुढे जात नाही.)

‘563 मीटरने पुढे’ या शब्दांतच उत्तर आहे: आघाडी. पहिल्या डावात 140 धावांची आघाडी म्हणतो तशीच ऊर्जेत 563 मीटरची आघाडी. ती मोजता येते, घेता येते, टिकवता येते, आणि एका करकचून घेतलेल्या वळणात गमावताही येते. तेव्हा ‘ऊर्जेतली आघाडी’ म्हणावे. फक्त गोळीबारात लक्ष्याच्या पुढे नेम धरण्याला (इंग्रजीत त्यालाही ‘लीड’ म्हणतात) आघाडी म्हणू नये. तिथे ‘पुढचा नेम’ पुरे.

आघाडी ओळखताना होणारी एक चूक शब्दाचीच आहे. कॉकपिटमधला काटा दाखवतो तो ‘दर्शित वेग’. उंचावर हवा विरळ असल्याने तो खऱ्याहून कमी असतो. वरच्या हिशेबाला ‘खरा वेग’ लागतो. 5000 मीटरवर काटा 400 दाखवत असेल तेव्हा खरा वेग ताशी 515 किमीच्या आसपास असतो. नुसते ‘वेग’ म्हणून काट्यावरचा आकडा घेतला तर स्वतःची ऊर्जा सुमारे 415 मीटरने कमी धरली जाते.

शत्रूचा काटा तर दिसतच नाही, त्यामुळे अंतराकडे पाहावे. समान उंचीवर सरळ पाठलागात दहा सेकंदांत अंतर 280 मीटरने घटले, तर तुमचा वेग ताशी 100 किमीने जास्त आहे. अर्ध्या मिनिटापूर्वी शत्रू काय करत होता हेही आठवावे: सूर मारून आला असेल तर वेग आहे, दोन कडक वळणे घेऊन आला असेल तर उधळलेला आहे.

क्रियापद मात्र आपल्याकडे तयारच आहे. नोट मोडतो तशी उंची मोडून वेग घ्यायचा, वेग मोडून उंची. ‘कन्व्हर्ट करणे’ची गरज नाही.